जव्हारला जाण्यापूर्वी

भिवंडीहून जव्हारला जायचे असेल तर शक्यतो शुक्रवारी निघावे. आपल्या शहरातील यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी असते, आणि शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, वसई येथून वर चढणाऱ्या मोटारींची गर्दी त्या दिवशी नसते. या पुस्तिकेच्या वाचकांपैकी कित्येकजण मागावर, गोदामात, शाळेत किंवा अंगणवाडीत काम करून उरलेल्या वेळात अभ्यास करतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा एक दिवसाची सुट्टी, बेताचा खर्च आणि संध्याकाळी घरी परतण्याची सक्ती या तीन गोष्टी गृहीत धरूनच मी हे लिहीत आहे.

जव्हारच का, हे आधी सांगितले पाहिजे. एकदा संपर्कसत्राच्या मधल्या सुट्टीत एका विद्यार्थ्याने मला भ्रमणध्वनीवर काही छायाचित्रे दाखवली. तो ज्या कापड व्यापाऱ्याकडे कामाला आहे, ते गृहस्थ सहकुटुंब थायलंडला जाऊन आले होते. तिथल्या उत्तर भागातील चियांग माई या डोंगराळ शहराची ती छायाचित्रे होती. जुन्या राजधानीचा तट, डोंगरमाथ्यावरचे बुद्धमंदिर, धबधबे आणि डोंगरातल्या जमातींची गावे असे सर्व त्यांत होते. "सर, असे आपल्याकडे काहीच नाही का?" असे त्याने विचारले. मी म्हणालो, आहे, आणि ते चियांग माईपेक्षा उंचावर आहे. त्याला ती थट्टा वाटली. पण चियांग माई शहर समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार फुटांवर वसले आहे आणि जव्हार सुमारे दीड हजार फुटांवर. चियांग माई १२९६ साली राजा मेंगराईने वसवले. जव्हारच्या मुकणे घराण्याचा इतिहास त्यानंतर काही दशकांतच सुरू होतो. डोंगर, जुने राज्य, धबधबे आणि आदिवासींची वस्ती हे सारे आपल्यापासून शंभरेक किलोमीटरच्या आत आहे, आणि तिथे जायला पारपत्र लागत नाही.

जव्हारला रेल्वे नाही. एस.टी.ची थेट गाडी मिळाली तर उत्तम, नाही तर वाड्यापर्यंत जाऊन तिथे गाडी बदलावी. एकूण साडेतीन तास धरून चालावे. वेळापत्रकावर भिस्त ठेवू नये, आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन विचारून यावे. महिलांना मार्च २०२३ पासून एस.टी.त अर्धे तिकीट आहे आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना बरोबर नेणेही जड जात नाही. दुचाकीने जाण्याचा मोह तरुण मंडळींना होतो; वाडा रस्त्यावरील खड्डे आणि अवजड वाहने पाहता मी तो सल्ला कुणालाही देणार नाही, निदान पावसाळ्यात तर नाहीच.

नदीनाका ओलांडला, कवाड आणि आनगाव मागे पडले की हवा बदलते. अंबाडीच्या नाक्यावर डावीकडे वज्रेश्वरी-गणेशपुरीचा रस्ता फुटतो. वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी नवस बोलला आणि १७३९ मधील विजयानंतर देवीचे मंदिर उभे राहिले, ही हकिकत तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. गरम पाण्याच्या कुंडांसाठी तिथे आपण जातोच, म्हणून ते आज सोडून द्यावे. पुढे कुडूस आणि वाडा. वाड्याचा कोलम तांदूळ, ज्याला जुनी माणसे झिनी म्हणतात, त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परतताना घ्यायचा तर इथेच घ्यावा आणि ओळखीच्या माणसाकडून घ्यावा, कारण त्या नावाखाली बाजारात काहीही विकले जाते. विक्रमगड गेले की चढ लागतो आणि साग-ऐनाची झाडी दाटू लागते.

कोणत्या ऋतूत जावे, हा प्रश्न सगळेच विचारतात. बहुतेकांचे उत्तर पावसाळा हेच असते आणि ते चुकीचे नाही. जव्हार परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दाभोसा येथे लेंडी नदी सुमारे तीनशे फुटांवरून खाली झेपावते, ते दृश्य पाहून माणूस काही काळ बोलत नाही. मात्र दाभोसा आणि काळमांडवी या दोन्ही ठिकाणी माणसे बुडाली आहेत. वरून डोह शांत दिसतो, आत खडक असतात, आणि वरच्या रानात पडलेल्या पावसाचे पाणी अचानक येते. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधब्यांवर मनाई आदेश काढते; निघण्यापूर्वी त्याची चौकशी करावी. पोहता येते म्हणून उतरू नये. तलावात पोहणे आणि डोहात पोहणे यांत फरक आहे. काही बरेवाईट झालेच तर जव्हार गावातील पतंगशहा कुटीर रुग्णालय हे जवळचे ठिकाण, हे लक्षात असू द्यावे.

पण माझे मत विचाराल तर एकदा तरी फाल्गुन-चैत्रात जावे. तेव्हा तिथे पर्यटक नसतो. शेतांच्या कोपऱ्यांत राब भाजलेला दिसतो. पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, शेण यांचे थर रचून ते पेटवायचे आणि त्या राखेवर पुढे भाताचे, नागलीचे रोप तयार करायचे, ही या डोंगरातली जुनी रीत. संध्याकाळी तो धूर दरीत उतरतो. चियांग माईकडेही फेब्रुवारी ते एप्रिल शेते आणि राने जळत असतात आणि त्या धुरापायी जाणते प्रवासी ते महिने टाळतात. जव्हारचा धूर तेवढा दाट नसतो. या दिवसांत गेल्यास आणखी एक गोष्ट नजरेस पडते, जी पावसाळ्यात दिसणे शक्यच नसते. जिथे श्रावणात रस्त्यावरून ओहोळ वाहतात, तिथे चैत्रात बायका डोक्यावर हंडे घेऊन उतारावरच्या झऱ्याशी बसलेल्या असतात. इतका पाऊस पडूनही खडकाळ उतार पाणी धरून ठेवत नाहीत आणि उन्हाळ्यात अनेक पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून उन्हाळ्यात जाताना पिण्याचे पाणी घरून न्यावे, आणि मुक्काम केलाच तर खानावळीत, लॉजवर पाणी बेताने वापरावे.

गावात पोहोचल्यावर आधी जयविलास राजवाडा पाहावा. ती खाजगी मालमत्ता आहे, तेव्हा आत सोडतात की नाही हे फाटकावर नम्रपणे विचारावे. नाही म्हटले तर वाद घालू नये. बाहेरून पाहिला तरी गुलाबी दगडाचा तो वाडा आणि त्याभोवतीची काजूची झाडे मनात राहतात. मुकणे हे महादेव कोळी घराणे. महाराष्ट्रात आदिवासी राजघराणे चौदाव्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिले, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात फारशी येत नाही. दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली या राज्याला मान्यता दिली असे मानतात. १९४८ साली ते विलीन झाले. जव्हारची नगरपालिका १९१८ सालची आहे. गावाजवळच शिरपामाळ आहे. १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले आणि जव्हारच्या राजाने त्यांच्या जिरेटोपात तुरा खोवला, म्हणून हे नाव, अशी परंपरा सांगते.

राज्य कसे मिळाले, याची एक कथा ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. मूळ पुरुष जायबा मुकणे याने जव्हारच्या सरदाराकडे एका बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढी जमीन मागितली. सरदाराने हसून होकार दिला. मग जायबाने त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि साऱ्या गावाला वेढा घातला. अशीच कथा भूमध्य समुद्राकाठच्या कार्थेज नगरीची राणी डिडो हिच्याबद्दल सांगतात. साहित्याचे विद्यार्थी म्हणून तुम्ही तिच्याकडे भ्रमण करणारी लोककथा म्हणून पाहाल, ते योग्यच. मला मात्र राजवाड्यासमोर उभे राहिले की दर वेळी एक प्रश्न पडतो. ज्यांच्या नावाने जमिनीची अशी कथा सांगितली जाते, त्या डोंगरातल्या बहुतेक कुटुंबांकडे आज वर्षभर पोट भरेल एवढीही जमीन का नसावी?

आता तुमच्या-माझ्या शहराचा या डोंगराशी खरा संबंध काय, ते सांगतो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांत भात आणि नागलीचे पीक निघाले, दिवाळी झाली, की गावात काम उरत नाही. वीटभट्टीच्या मालकाचा माणूस त्याआधीच येऊन बयाणा देऊन गेलेला असतो. मग टेम्पो येतात. टोप-हंडे, गोधड्या, कोंबड्या, म्हातारी माणसे, तान्ही मुले अशी अख्खी कुटुंबे त्यांत बसतात आणि ज्या रस्त्याने आपण वर जातो त्याच रस्त्याने खाली उतरतात. भिवंडी तालुक्यातील, वाडा-वसईकडील वीटभट्ट्या त्यांच्या हातांवर चालतात. पहाटेच्या अंधारात माती कालवण्यापासून काम सुरू होते. नवरा-बायको मिळून विटा थापतात, मुले वाळलेल्या विटा रचतात. आठवड्याला खर्चीपुरते पैसे हाती पडतात आणि हिशेब होतो तो हंगाम संपल्यावर. त्या हिशेबात घेतलेली उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षीचा मालकही ठरून जातो. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ सालचा आहे, आणि त्याखाली या जिल्ह्यांतील भट्ट्यांवरून मजुरांची सुटका झाल्याच्या बातम्या आजही येतात.

काही वर्षांपूर्वी, मार्गशीर्षात, मी एस.टी.ने वर चाललो होतो. विक्रमगडला माझ्या शेजारी एक वृद्ध बाई येऊन बसल्या. मुलगा आणि सून भट्टीवर, नातवंडांना घेऊन त्या दोन दिवस खाली राहिल्या होत्या आणि आता घरची गाय पाहायला परत निघाल्या होत्या. मी भिवंडीचा आहे हे कळल्यावर त्यांनी आमच्या तालुक्यातील गावांची नावे भराभर घेतली. त्यांतली काही मी केवळ बसच्या पाटीवर वाचली होती. कोणत्या भट्टीला विहीर आहे, कोणता मालक आजारपणात रिक्षाचे पैसे देतो, कुठली माती हाताला कापते, हे सारे त्या सांगत होत्या. वीसेक हंगाम त्या भिवंडीला आल्या होत्या. मग त्यांनी मला विचारले, "भिवंडी आतून कशी हाय?"

मी मागांचा आवाज, बाजारपेठ, मशिदी-मंदिरे, गोदामे असे काही सांगत राहिलो. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, की एवढ्या घरांना विटा किती लागत असतील. मी राहतो त्या इमारतीच्या विटा कुठल्या भट्टीच्या, हे त्यांना सांगणे मला शक्य नव्हते. चढ लागला तशा त्या खिडकीला डोके टेकून झोपी गेल्या.

तेव्हापासून जव्हारला कसे जावे असे कुणी विचारले, की मी आधी या दुसऱ्या वाहतुकीविषयी सांगतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी भिवंडी आणि जव्हार एकाच ठाणे जिल्ह्यात होती. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी या गावांत कुपोषणाने बालके दगावली आणि महाराष्ट्रभर त्याची चर्चा झाली, तेव्हा ती गावे आपल्याच जिल्ह्यातली होती. त्या रस्त्याने जाताना पाट्यांवर ही नावे दिसली तर ती तुम्हाला ओळखता यावीत. निघण्यापूर्वी ग्रंथालयातून गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' घेऊन वाचावे. १९४५ मध्ये डहाणू, उंबरगाव भागातील वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्याची ती हकिकत आहे. या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रदेश जव्हारचा नव्हे, शेजारचा. पण पाड्यावर बाहेरचा माणूस आला की लोक प्रथम गप्प का होतात, हे त्यातून जेवढे समजते तेवढे कोणत्याही पर्यटन पुस्तिकेतून समजणार नाही.

छायाचित्रांविषयी मी जरा कठोर आहे. चियांग माईच्या परिसरात मानेभोवती पितळी वेटोळी घालणाऱ्या स्त्रियांच्या वस्त्या आहेत. तिथे तिकीट काढून पर्यटक जातात आणि माणसांचे प्राणिसंग्रहालय म्हणून त्यावर जगभर टीका झाली आहे. आपण तिकीट काढत नाही एवढ्यावरून आपण वेगळे ठरतो असे मला वाटत नाही. झऱ्यावरची बाई, अंगणातले उघडे मूल, दारातली म्हातारी यांच्यासमोर भ्रमणध्वनी उगारण्यापूर्वी विचारावे. विचारण्याइतकी ओळख झाली नसेल तर छायाचित्र काढू नये. रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मुलांना चॉकलेटे, बिस्किटे वाटू नयेत. त्यामुळे मुले वळणावर गाड्यांमागे धावू लागतात. काही द्यायचेच असेल तर आश्रमशाळेत जाऊन शिक्षकांना विचारावे, काय हवे आहे. वह्या नव्हे, चपला हव्यात, असे उत्तर मला एकदा मिळाले होते.

वारली चित्र विकत घ्यायचे असेल तर ते काढणाऱ्याकडून घ्यावे आणि घासाघीस करू नये. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण तिचे मूळ लग्नाच्या चौकात आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो चौक लिहितात आणि धवलेरी लग्न लावते. चित्रकाराला वेळ असला तर चित्रातल्या तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणाऱ्या वेढ्याविषयी त्याला विचारावे. पाच मिनिटांत त्याचे चित्र आणि शहरातल्या उपाहारगृहाच्या भिंतीवरचे छापील चित्र यांतला फरक तुम्हाला दिसू लागेल.

जेवणाची चिंता करू नये. नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि पावसाळ्यात एखादी रानभाजी मिळाली तर आणखी काही मागू नये. शेवळीची भाजी करण्याची रीत ज्याला माहीत आहे त्याच्याच हातची खावी, नाही तर घसा खाजतो. आठवडी बाजार पाहायचा असेल तर त्याचा वार आधी विचारून घ्यावा. वैशाखात रस्त्याच्या कडेला करवंदे, जांभळे पानांच्या द्रोणांतून विकायला असतात, आणि जव्हार-विक्रमगड भागात मोगऱ्याची लागवड वाढल्यामुळे कधी कळ्यांच्या पिशव्याही दिसतात. ज्याच्या शेतात मोगरा आहे, तो भट्टीवर उतरत नाही, असे एका शेतकऱ्याने मला सांगितले होते. म्हणून मी परतताना गरज नसली तरी कळ्या घेतो.

परतीची शेवटची गाडी कोणती, हे पोहोचल्याबरोबर जव्हार आगारात विचारून ठेवावे आणि तिच्या आधीच्या गाडीने निघावे. सुटे पैसे जवळ असावेत. वैशाखाच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला असताना वर जाणार असाल, तर उभे राहून प्रवास करण्याची तयारी ठेवा. तेव्हा भट्ट्या बंद होतात आणि हिशेब झालेली माणसे मिळेल त्या वाहनाने घरी निघतात. वाड्याला गाडी भरते. गोधड्यांची गाठोडी पायांत असतात, पिशवीतून कोंबडीचे डोके बाहेर आलेले असते, आणि कडेवरचे मूल कुणाच्याही मांडीवर येऊन बसते. जव्हारला सगळे उतरतात. तिथून पाड्यापर्यंत जीप असते, आणि ती पूर्ण भरल्याशिवाय सुटत नाही.